तेच पुस्तक पुन्हा विकत घेताना

आमच्या घरी ‘प्लेयर्स हँडबुक’च्या किती प्रती आहेत, यावर बायकोचं आणि माझं एकमत नाही. ती म्हणते एकही नाही, मी म्हणतो दोन. ती कपाट बघते, मी बँकेचं स्टेटमेंट. एकेकाळी कपाटात एक प्रत होती हे तिलाही मान्य आहे: जाडजूड, कोपरे झिजलेली, मध्ये कुठेतरी चहाचा डाग पडलेली. ती प्रत घरात असतानाच मी त्या पुस्तकाचे आणखी दोनदा पैसे मोजले. एकदा २०१७ साली, आणि एकदा २०२० च्या टाळेबंदीत, जेव्हा आमचा खेळायचा गट पुणे, बंगळुरू आणि सिअ‍ॅटल अशा तीन ठिकाणी विखुरला होता. दोन्ही वेळा कुरिअरवाला आला नाही. स्क्रीनवर एक बटण राखाडीचं निळं झालं, एवढंच.

“आधीच घेतलेल्या पुस्तकाचे पुन्हा पैसे का द्यायचे?” हा प्रश्न या खेळाच्या जगात गेली तीसेक वर्षं विचारला जातोय. विचारणारे बहुधा चिडलेले असतात, आणि तरीही बरेचसे शेवटी पैसे देतात. मीही दिले. ते देताना आपण नेमकं काय विकत घेतो हे मात्र दर वेळी बदलत गेलं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे टेबलाभोवती बसून चार-पाच जणांनी मिळून रचलेली गोष्ट. त्यात एक जण सूत्रधार. तो सांगतो, तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात, आतून धूर येतोय. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने काय करणार ते सांगतात. ते जमलं की फसलं हे फाशावर ठरतं, आणि तो फासा सहसा वीस बाजूंचा असतो. भातुकलीसारखंच आहे हे. फक्त “तू मेलास”, “नाही, मी नाही मेलो” हे जे भांडण लहानपणी व्हायचं, ते होऊ नये म्हणून इथे नियम असतात. भरपूर नियम. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या आवृत्तीची तीन मूळ पुस्तकं आहेत, ३२०, ३२० आणि ३५२ पानांची. म्हणजे जवळजवळ हजार पानं, मोठ्या आकाराची, गुळगुळीत कागदाची.

कादंबरी वाचून ठेवून देता येते. नियमपुस्तकाचं तसं नसतं, ते पंचांगासारखं असतं. वेळ आली की उघडायचं, हवं तेवढं बघायचं, मिटायचं. आणि इथे ती वेळ येते ती नेमकी राक्षस अंगावर आलेला असताना, पाच जण श्वास रोखून बसलेले असताना. त्या क्षणी हजार पानांत एक ओळ शोधण्यात तीन मिनिटं गेली की गोष्टीतली हवा जाते. हे ज्याने अनुभवलंय त्याला शोधाच्या चौकटीची किंमत सांगावी लागत नाही.

*

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनीव्हा नावाच्या लहानशा गावात छापला गेला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे लेखक. प्रकाशक कोणी मिळेना म्हणून गायगॅक्सनी मित्रांबरोबर काढलेली टॅक्टिकल स्टडीज रूल्स ही घरगुती कंपनी, म्हणजे पुढची टीएसआर. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, किंमत १० डॉलर, पहिल्या छपाईच्या प्रती १,०००. वर्षाच्या आत त्या संपल्या.

दहा डॉलर तेव्हाच्या विद्यार्थ्याला जडच होते. त्यामुळे विद्यापीठांतल्या झेरॉक्स मशिनांवर पुस्तिकांच्या नकला निघू लागल्या, आणि गायगॅक्सना ते अजिबात आवडत नसे. पण अडचण फक्त चोरीची नव्हती. एका टेबलाला खरं तर एकच संच पुरतो. पाच जण खेळतात, एक जण विकत घेतो, पुस्तक मधोमध पडलेलं असतं आणि हात सगळ्यांचे. कंपनीने पुढे नियम तीन जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकांत विभागले: १९७७ साली राक्षसांचं, १९७८ साली खेळाडूंचं, १९७९ साली सूत्रधाराचं. सूत्रधाराचं पुस्तक खेळाडूंनी वाचू नये असं त्यात बजावलेलंही होतं. नियमांचा पसारा वाढला होता हे त्यामागचं कारण होतंच. पण प्रत्येक खेळाडूला स्वतःचं एक पुस्तक असावंसं वाटलं तर बरं, हा हिशेबही त्यात असणार असं मला नेहमी वाटत आलंय.

तेच पुस्तक दुसऱ्यांदा घेणं हे कागदाच्या काळातही होतं. १९८५ साली आलेलं ‘अनअर्थ्ड आर्केना’ हे पुस्तक त्यातल्या मजकुराइतकंच त्याच्या बांधणीसाठी कुप्रसिद्ध आहे. चार महिने खेळलं की पानं सुटून हातात यायची. ज्यांनी दुसरी प्रत घेतली त्यांनी कपाळाला हात लावून घेतली, पण ती घेताना कोणाला तत्त्वाचा प्रश्न पडला नाही. वस्तू खराब झाली, नवी घेतली. चपलेचंही आपण तेच करतो.

आणि जुनी प्रत विकायची असेल तर विकता येत होती. हे इतकं उघड वाटतं की त्यामागे एक खटला आहे हे आपण विसरतो. बॉब्स-मेरिल नावाच्या प्रकाशकाने ‘द कास्टअवे’ या कादंबरीच्या आत छापलं होतं की हे पुस्तक एक डॉलरच्या खाली विकायला कोणालाही परवानगी नाही. न्यूयॉर्कच्या मेसीज या बड्या दुकानाने ते ८९ सेंटना विकलं. मेसीजचे मालक स्ट्राउस बंधू. त्यांतले इसिडोर स्ट्राउस पुढे टायटॅनिकवर गेले, पण तो वेगळा विषय. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशकाला सांगितलं की एकदा प्रत विकलीत की त्या प्रतीवरचा तुमचा ताबा संपला. मजकूर तुमचा, नकला काढायचा हक्क तुमचा, पण ही विकलेली प्रत घेणाऱ्याची. तो ती कमी किमतीत विको, भेट देवो, नाहीतर चुलीत घालो. फोर्टातल्या फुटपाथवर आपण जी जुनी पुस्तकं चाळतो, त्या व्यवहाराच्या मुळाशी हीच साधी समजूत आहे.

नियमपुस्तकांच्या बाबतीत कायद्याचा आणखी एक गमतीदार कोपरा आहे. १८७९ च्या बेकर विरुद्ध सेल्डन या खटल्यात, जमाखर्चाच्या एका पद्धतीवरून, न्यायालयाने ठरवलं की पुस्तकात मांडलेल्या पद्धतीवर कॉपीराइट नसतो, ती मांडणाऱ्या शब्दांवर असतो. त्यामुळे वीस बाजूंचा फासा टाका, त्यात अमुक मिळवा, तमुकपेक्षा जास्त आलं तर घाव लागला, हा नियम कोणाच्याच मालकीचा नाही. तो ज्या वाक्यांत सांगितलाय ती वाक्यं मालकीची. हे पुढे फार उपयोगी पडलं.

*

पहिली डिजिटल आवृत्ती कागदाच्या वळणावरच होती. १९९६ साली टीएसआरने ‘कोअर रूल्स’ नावाची सीडी-रॉम काढली. त्यात तेव्हाच्या मूळ पुस्तकांचा मजकूर होता, शिवाय पात्र तयार करायचं आणि नकाशे काढायचं सॉफ्टवेअर. ज्यांनी ती घेतली त्यांच्यापैकी बहुतेकांकडे पुस्तकं होतीच. पण पात्राची आकडेमोड यंत्र करून देतंय यासाठी पैसे मोजणं कोणाला खटकलं नाही. तबकडी हातात होती, मित्राला देता येत होती. आज ती चालवायला जुनं विंडोज शोधावं लागतं, पण ती तुमच्याकडून परत घ्यायला कोणी येत नाही.

याच टीएसआरने त्याच सुमारास इंटरनेटवर हौशी खेळाडूंनी टाकलेल्या स्वतःच्या रचनांनाही कायदेशीर धमक्यांची पत्रं पाठवली. लोक मग कंपनीच्या नावातला एस डॉलरच्या चिन्हाने लिहू लागले. १९९७ साली कर्जात बुडालेली ही कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली, आणि १९९९ साली विझर्ड्सला खेळण्यांच्या हॅस्ब्रोने.

त्याच १९९९ साली ‘ड्रॅगन’ मासिकाचे पहिले २५० अंक सीडींवर आले. ज्यांच्या माळ्यावर अंकांचे गठ्ठे होते त्यांनीही ते आनंदाने घेतले. अडचण आली ती दुसऱ्या बाजूने. कित्येक लेखकांनी मासिकाला एकदा छापण्याचेच हक्क दिले होते. सीडी म्हणजे तेच छापणं की नवं प्रकाशन? विज्ञानकथालेखकांच्या संघटनेने आक्षेप घेतला. मासिकात येणाऱ्या ‘नाइट्स ऑफ द डिनर टेबल’ या चित्रमालिकेच्या प्रकाशकाशी झालेली तडजोड तर अजब होती. त्यांना जुन्या नियमांवर बेतलेला स्वतःचा विडंबनखेळ काढायचा परवाना मिळाला, आणि त्यातून २००१ साली ‘हॅकमास्टर’ आला. म्हणजे वाचक पुन्हा पैसे देतोय, मग लिहिणाऱ्याला पुन्हा का नाहीत, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता. दुसऱ्या खरेदीच्या वादात तो नंतर सहसा कोणी काढत नाही, मीसुद्धा.

पीडीएफ विकणारी दुकानं आली ती यानंतर. २००१ साली आरपीजीनाऊ, २००४ साली ड्राइव्हथ्रूआरपीजी, आणि २००६ साली दोघांचं एकत्रीकरण. ड्राइव्हथ्रूने सुरुवातीला फायलींना कुलूप लावलं होतं, नोंदवलेल्या संगणकावरच उघडतील असं. ग्राहक वैतागले आणि ते कुलूप लवकरच गेलं. त्याजागी वॉटरमार्क आला: पानाच्या तळाशी बारीक अक्षरात घेणाऱ्याचं नाव आणि ऑर्डरचा क्रमांक. मला ही तडजोड आवडते. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतात तशी. भांडं तुमचंच, पण शेजारच्या घरी सापडलं तर कोणाचं ते कळेल.

माझी स्वतःची पीडीएफची सुरुवात सामानाच्या वजनातून झाली. ओहायोतलं शिक्षण संपवून २०१० साली परत येताना दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो, हा हिशेब होता. छोट्या प्रकाशकांची मी जमवलेली नियमपुस्तकंच वीस किलोंच्या वर भरली. ती एका मित्राच्या तळघरात गेली, आणि पुण्यात आल्यावर त्यांतल्या सात-आठ पुस्तकांच्या पीडीएफ मी एका लहानशा दुकानातून विकत घेतल्या. ‘तुमचं ग्रंथालय’ असं त्या साइटवर लिहिलेलं असायचं. लागेल तेव्हा उतरवून घेऊ म्हणून मी दोनच फायली उतरवल्या. दोनेक वर्षांनी दुकान बंद पडलं. मालकाने आधी मेल पाठवली होती, ती मी वाचली नव्हती. चूक माझीच. पण ज्या दोन फायली उतरवल्या होत्या त्या आजही उघडतात, आणि बाकीच्या पाच-सहा पुस्तकांची मी फक्त पावती दाखवू शकतो.

*

माझं नुकसान चिल्लर होतं. माझ्या परतीच्या आदल्याच वर्षी हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोठ्या प्रमाणावर घडलं होतं.

६ एप्रिल २००९, सोमवार. विझर्ड्स ऑफ द कोस्टने आपल्या सगळ्या पीडीएफची विक्री एका दिवसात थांबवली. महिन्यापूर्वी आलेल्या ‘प्लेयर्स हँडबुक २’च्या फायली इंटरनेटवर फुकट फिरत होत्या. त्या टाकल्याबद्दल कंपनीने आठ जणांवर अमेरिकेत दावे लावले. त्यांचा माग लागला तो वॉटरमार्कवरून, म्हणजे भांड्यावरचं नाव कामाला आलं होतं. खरं तर यंत्रणा ठरवल्याप्रमाणे चालली होती. तरीही कंपनीने दुकानच बंद केलं. फक्त त्या पुस्तकाचं नव्हे, सत्तरच्या दशकापासूनच्या जुन्या, छपाईतून कधीच गेलेल्या पुस्तकांचंसुद्धा. ज्यांनी आधीच पैसे भरले होते पण फाइल उतरवून ठेवली नव्हती, त्यांचीही सोय एकाएकी बंद झाली. एका दुकानाने ग्राहकांना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतची मुदत दिली होती. जगाच्या ज्या भागात तेव्हा रात्र होती तिथले लोक झोपेत होते.

कुठल्याच चाच्याचं यात काही बिघडलं नाही. चोरलेल्या फायली जिथे होत्या तिथेच राहिल्या. ज्यांनी रीतसर पैसे दिले होते तेवढेच दाराबाहेर उभे राहिले. त्याच वर्षी जुलैमध्ये अ‍ॅमेझॉनने लोकांच्या किंडलवरून ऑर्वेलची दोन पुस्तकं परत खेचून घेतली आणि जगभर बातमी झाली. आमच्या छोट्या जगाला तो धडा तीन महिने आधीच मिळाला होता.

जुन्या आवृत्त्यांच्या चाहत्यांनी मात्र आधीच एक वेगळी वाट काढली होती. विझर्ड्सने २००० साली स्वतःच एक खुला परवाना काढून खेळाच्या नियमांचा मोठा भाग इतरांना वापरायला मोकळा केला होता. तो परवाना आणि ‘पद्धतीवर कॉपीराइट नसतो’ हे जुनं तत्त्व, दोन्ही हाताशी धरून काही जणांनी २००६ साली सत्तरच्या दशकातले नियम नव्या शब्दांत लिहून काढले. त्या पुस्तकाचं नाव ओस्रिक. पीडीएफ फुकट. मूळ पुस्तक मिळत नाही, मिळालं तर जुन्या बाजारात भाव भलता, मग तोच खेळ आपल्या वाक्यांत पुन्हा सांगायचा. ही किती मोठी मेहनत आहे हे शंभर पानांचे नियम आपल्या शब्दांत लिहून बघितल्याशिवाय कळायचं नाही. एका अर्थी त्यांनी पुस्तक दुसऱ्यांदा विकत घेण्याऐवजी दुसऱ्यांदा लिहिलं.

विझर्ड्सने दुकान बंद केलं त्याच ऑगस्टमध्ये पायझो कंपनीचं ‘पाथफाइंडर’ आलं, त्याच खुल्या परवान्यावर उभं राहिलेलं. ५७६ पानांचं छापील पुस्तक ४९.९९ डॉलर, आणि त्याची पीडीएफ ९.९९. या किमतीने बऱ्याच वादाचा निकाल लावला असं मला वाटतं. ज्याच्याकडे छापील आहे तो दहा डॉलरसाठी फारशी कुरकुर करत नाही, आणि चोरून उतरवणाऱ्यालाही थोडी लाज वाटते. २०१० च्या सुमारास एव्हिल हॅटसारख्या काही छोट्या प्रकाशकांनी याच्याही पुढे जाऊन ‘बिट्स अँड मॉर्टर’ नावाची योजना काढली. तुमच्या गल्लीतल्या दुकानातून छापील पुस्तक घ्या, दुकानदार तुम्हाला पीडीएफ फुकट पाठवेल. पुस्तकात कूट क्रमांक छापला तर कोणीतरी दुकानात उभ्या उभ्या तो उतरवून नेईल, ही भीती त्यात उरत नाही. ओळखीचा माणूस मध्ये ठेवला की काम होतं, ही आपल्याकडची पद्धत अमेरिकनांनाही सुचली याची मला गंमत वाटते.

विझर्ड्सही शेवटी नमले. जानेवारी २०१३ मध्ये जुनी पुस्तकं पुन्हा पीडीएफ रूपात विकायला आली. यांतली कित्येक पुस्तकं संगणकाच्या आधी कात्री-गोंदाने जुळवलेली, त्यामुळे छापील प्रती स्कॅन करूनच बनवावी लागली होती. कोणाच्या तरी कपाटातलं कागदी पुस्तक टिकलं म्हणून डिजिटल पुस्तक होऊ शकलं.

*

मग २०१४ साली पाचवी आवृत्ती आली, तीन मूळ पुस्तकं, प्रत्येकी ४९.९५ डॉलर. त्यांची पीडीएफ कंपनीने काढलीच नाही. मूलभूत नियमांची एक छोटी फाइल फुकट दिली, बाकी कागदावर. डिजिटल हवं असेल त्यांच्यासाठी इतर कंपन्यांना परवाने दिले. २०१५ साली फँटसी ग्राउंड्सवर ही पुस्तकं आली, पुढे रोल२० वर, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये डी अँड डी बियाँड सुरू झालं. ते तेव्हा कर्स नावाच्या कंपनीचं होतं, आणि एकेका मूळ पुस्तकाची पूर्ण डिजिटल आवृत्ती २९.९९ डॉलरना. म्हणजे तीन पुस्तकांचे कागदावर दीडशे, वर पडद्यावर नव्वद. दुसरीकडेही खेळायचं असेल तर तिथे पुन्हा वेगळे.

लोक संतापले, आणि त्यांना मिळालेलं उत्तर चुकीचं नव्हतं: आमची कंपनी वेगळी आहे, तुमच्या छापील पुस्तकाचे पैसे आम्हाला मिळालेले नाहीत. शिवाय ते फक्त पुस्तक नव्हतंच. पात्र तयार करताना प्रत्येक मंत्र, प्रत्येक हत्यार आपोआप पानावर येऊन बसतं, बेरीज होते, दुव्यावर बोट ठेवलं की नियम उघडतो. यामागे बऱ्याच माणसांचं काम आहे. मी त्या वर्षी पैसे दिले ते याच हिशेबाने, आणि राक्षस अंगावर आलेला असताना ते वसूल झाले. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार टेबलाच्या मधोमध पडलेल्या पुस्तकाबद्दल आहे. कागदाचं पुस्तक पाच जणांनी वापरायला कोणाची परवानगी लागत नव्हती. इथे एकाने घेतलेली पुस्तकं गटातल्या इतरांना दिसावीत म्हणून त्याच्याकडे वरच्या दर्जाची वर्गणी असावी लागते. दरमहा. पुस्तक घेण्याचे पैसे वेगळे, ते टेबलावर ठेवण्याचे वेगळे. १९७४ साली गायगॅक्सना जे जमलं नव्हतं ते असं जमून गेलं.

आणि हे पुस्तक बदलतं. डिसेंबर २०२१ मध्ये ‘व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स’ या पुस्तकातले काही परिच्छेद शुद्धिपत्राने काढून टाकले गेले. काही जमाती जन्मतःच दुष्ट असतात अशा छापाचा मजकूर त्यात होता. तो गेल्याचं मला स्वतःला वाईट वाटलं नाही. पण ज्यांनी डिजिटल आवृत्ती घेतली होती त्यांच्याही प्रतीतून तो गेला. छापील प्रतीत तो आजही आहे, ज्याला टीका करायची तो पान उघडून करू शकतो.

एप्रिल २०२२ मध्ये हॅस्ब्रोने डी अँड डी बियाँड १४.६३ कोटी डॉलरना विकत घेतलं. ‘आमची कंपनी वेगळी’ हे उत्तर त्या दिवशी संपलं. त्यानंतर नव्या पुस्तकांचे छापील आणि डिजिटल असे जोड विकायला आले, ही चांगली गोष्ट झाली. पण ज्यांच्या कपाटात आधीपासून पुस्तकं होती त्यांचं कपाट कोणी विचारात घेतलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये जुना खुला परवाना रद्द करण्याचा कंपनीचा मसुदा फुटला तेव्हा लोकांनी वर्गण्या रद्द करायचा सपाटा लावला, आणि महिनाअखेरीस कंपनीने पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली कायमचा मोकळा करून टाकला. २०२४ च्या वसंतात पुस्तकातला फक्त एखादा मंत्र किंवा एखादा राक्षस सुटा विकत घेण्याची सोय बंद झाली. त्याच ऑगस्टमध्ये जाहीर झालं की नवी आवृत्ती आल्यावर पात्रांच्या पानांवरचे जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू जाऊन नव्या येतील. जुने हवे असतील तर ज्याने त्याने हाताने भरून घ्यावेत. ज्यांनी जुन्याचे पैसे मोजले होते त्यांनी एवढा गलका केला की काही दिवसांत निर्णय मागे घेतला गेला. गलका झाला म्हणून.

कायद्याने या सगळ्यात फारशी मदत केलेली नाही. १९०८ चं तत्त्व प्रतीला लागू आहे, आणि फाइल दुसऱ्याला देताना नवी प्रत तयार होते, असं अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने २०१८ साली जुनी डिजिटल गाणी विकणाऱ्या रीडिजीच्या खटल्यात म्हटलं. युरोपच्या न्यायालयाने २०१९ साली टॉम काबिनेट या डच दुकानाच्या खटल्यात वापरलेल्या ई-पुस्तकांबद्दल जवळपास तोच निकाल दिला. कॅलिफोर्नियाने निदान शब्दांपुरतं काही केलंय. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तूवर ‘विकत घ्या’ असं लिहायचं तर हा केवळ परवाना आहे हे स्पष्ट सांगावं लागतं.

*

कपाटातल्या प्रतीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. भाचा गेल्या वर्षी इंजिनिअरिंगला गेला. वसतिगृहात त्याला खेळणारे चौघे मिळाले आणि त्याने फोनवर विचारलं, “मामा, तुझं पुस्तक नेऊ का? तुझ्याकडे तर आहेच ना कॉम्प्युटरवर.” मी आधी त्याला कॉम्प्युटरवरचंच द्यायला बघितलं, कारण कागदाच्या समासात माझ्या पंधरा पात्रांच्या नोंदी होत्या. पण ते देता येत नाही. खातं माझं, पासवर्ड माझा, आणि मी उद्या गेलो तर ते कोणाचं हे कुठे लिहिलेलं नाही. म्हणून कागदाचं गेलं, चहाच्या डागासकट.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही व्हिडिओ कॉलवर खेळत होतो. मी सूत्रधार. भाच्याचं पात्र, एक चोर, धुक्यात झाडामागे लपायला गेलं. मी म्हटलं, लप की, धुक्यात पहारेकरी तुला स्पष्ट कुठे बघतोय. भाचा प्रामाणिक. म्हणाला, “नाही मामा, पुस्तकात लिहिलंय, जो तुम्हाला बघू शकतो त्याच्यापासून लपता येत नाही.” मी पडद्यावर बघितलं. माझ्याकडे ‘स्पष्टपणे बघू शकतो’ असं होतं. कोणाचं बरोबर यावर आमची दहा मिनिटं गेली. मग लक्षात आलं की माझं, म्हणजे आता त्याचं, पुस्तक २०१४ च्या पहिल्या छपाईतलं आहे आणि हा नियम २०१५ च्या शुद्धिपत्रात दुरुस्त झालाय. त्या दुरुस्तीत एक वाक्य जादाही आलंय: लपण्याजोगी परिस्थिती आहे की नाही हे सूत्रधाराने ठरवायचं. मी ते त्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

“माझ्या पुस्तकात ते वाक्यच नाहीये,” तो म्हणाला, आणि पान १७७ कॅमेऱ्यासमोर धरलं. डाग दिसत होता. मी त्याला पेन्सिल आणायला सांगितली.